दोरी कुणाच्या हातात आहे

पोळ्याच्या आधीच्या रविवारी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दिंडोरी, पेठ, गिरणारे, मखमलाबाद, सगळीकडून माणसं आलेली असतात. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घुंगुरमाळा. नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं हे दोर-ताडपत्रीचं दुकान आजोबांनी टाकलेलं. आता आम्ही शेडनेट विकतो, द्राक्षबागांना लागणारी सुतळी विकतो, कांद्याच्या गोण्या विकतो, पण पोळा हा अजून दोराचाच सण आहे. त्या रविवारी घरातलं प्रत्येक माणूस दुकानात हवं, हा अण्णांचा नियम. मागच्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी पहाटे साडेचारला मी पंचवटीत फोरमनच्या दारात पिकअपवर चार कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या बोटी, बांधत होते. आदल्या रात्रीपासून अण्णा माझ्याशी बोलत नव्हते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण ओढा आपली सोय बघून वाहत नाही. आठवडाभर घाटमाथ्याला झोडपणारा पाऊस शुक्रवारी थांबला होता, शनिवारी नुसती भुरभुर होती. अशी उघडीप मिळाली की दीड-दोन दिवस ओढ्याचं पाणी आमच्या कामाचं असतं. त्याआधी गेलं तर ते अंगावर येतं, त्यानंतर गेलं तर बोटीचं बूड खडकाला घासतं. असा रविवार अख्ख्या पावसाळ्यात दोनदा किंवा तीनदा येतो.

त्या दिवसाबद्दल लिहायला मला वर्ष लागलं.

आम्ही चौघं. मास्तर पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. फोरमन सातपूरच्या एका कारखान्यात, बोटीला चीर गेली की गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिक वितळवून सांधणारा. बारकी माझी मामेबहीण, परिचारिका. आणि मी. फोरमन आणि मास्तर कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला गेले आणि तिथे एका मुलाला राफ्टच्या बाजूने एकट्याची छोटी बोट चालवताना पाहून आले, ही आमची सुरुवात. मग ऋषिकेशला गंगेवर शिकलो, पुन्हा कुंडलिकेवर जात राहिलो. कुंडलिकेचं बरं असतं, वीजनिर्मितीनंतर सकाळी पाणी सोडतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही नदी ठरल्या वेळेला वाहते. एका वर्षी केरळात कोझिकोडजवळ मलबार रिव्हर फेस्टिव्हल पाहायला गेलो. तिथल्या डोंगरउताराच्या अरुंद नद्यांवर माणसं दगडादगडांतून उतरत होती. परतताना गाडीत कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यात त्र्यंबक आणि हरसूलकडचे ओढे होते.

ज्यांनी फक्त राफ्ट पाहिलीय त्यांच्यासाठी थोडं सांगते. ओढ्यात वापरायची कायाक आखूड, फुगीर आणि वर वळलेल्या नाकाची असते. पॉलिथिलीनची, वीस किलोच्या वरची. तुम्ही तिच्यात कमरेपर्यंत बसता आणि कमरेभोवतीचा रबरी पडदा बोटीच्या तोंडावर ताणून बसवता, म्हणजे आत पाणी येत नाही. त्या पडद्याला आम्ही घागरा म्हणतो. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. उलटलात तर कमरेच्या झटक्याने आणि वल्ह्याच्या आधाराने बोटीसकट पुन्हा सुलटं व्हायचं. ते जमलंच नाही तर घागऱ्याच्या पुढची पट्टी ओढायची आणि बोटीतून बाहेर पडायचं. खडकाच्या मागे प्रवाह अडतो, तिथे पाणी थबकलेलं असतं, कधी उलटं वर चढत असतं. ती आमची ओसरी. ओढा उतरायचा तो एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर. प्रत्येक ओसरीत थांबून पुढचं बघायचं, दिसत नसेल तर काठावर उतरून चालत जाऊन बघायचं. एका दमात खाली जाणारी माणसं चित्रफितीत असतात. आम्हाला सातशे मीटरला तीन तास लागतात.

आणि प्रत्येकाकडे एक फेकपिशवी. तिच्यात वीस मीटर दोर सैल भरलेला असतो. एक टोक तुमच्या हातात राहतं, पिशवी बुडणाऱ्याकडे जाते, जाता जाता दोर सुटत जातो.

पहिली फेकपिशवी मी ऋषिकेशहून आणली तेव्हा अण्णांनी ती दुकानातच उपसली. दोर बोटांत चोळला, पीळ उलगडून पाहिला, नखाने एक तंतू काढला. मग मागच्या बाजूला जाऊन बादलीत टाकला. "पीपी आहे. तरंगणार," म्हणाले. नायलॉन पाण्यात बुडतो, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलका. बुडणाऱ्याला पाण्यावर दिसणारा दोर हवा, पाण्याखाली जाऊन त्याच्याच पायात अडकणारा नको. अण्णा कधी पोहले नाहीत. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरतं तेव्हा वरच्या गल्लीत उभं राहून बघणारा माणूस तो. पण दोराबद्दल त्यांना सांगावं लागत नाही. त्यांच्या लहानपणी दुकानात मोटेचा नाडा मिळायचा, विहिरीचा सोल मिळायचा, दावी, चऱ्हाटं असायची, आणि गिऱ्हाईकाने कामाचं नाव घेतलं की आजोबा जाडी विचारत नसत. आठवड्याभरात ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून अण्णांनी तशाच सहा पिशव्या शिवून घेतल्या. पिवळा दोर, तळाला थर्माकोलचा तुकडा, तोंडाला ओढणीची नाडी. पैसे विचारले तर म्हणाले, "फेकायला शिका आधी."

ते आम्ही गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर शिकलो. रविवारी सकाळी पाण्यात रिकामा कॅन सोडायचा आणि काठावरून दोर टाकायचा. माणशी तीस फेकी. लोक गाड्या थांबवून बघायचे. एकदा एका आजोबांनी विचारलं, नाशकात हे कशाला शिकता, इथे कुठे एवढं पाणी? त्यांना मी दत्तू भोकनळचं सांगितलं. दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवत तेरावा आला. पाणी नसलेल्या गावचं माणूस पाण्यावर एवढं पुढे जाऊ शकतं.

आणि पश्चिमेला तर पाणी आहेच. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीत तीन हजारांच्या वर. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे निघतो, तर हरसूलच्या अंगाला पडलेला दमणगंगेच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जातो. पूर्वेचं पाणी दमाने जातं. पश्चिमेच्या पाण्याला समुद्र जवळ आणि उतार मोठा. आमचा ओढा त्या पश्चिमेचा.

त्याचं आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्यावर एकाएकी पाणी वाढून पर्यटक अडकले होते, ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला प्रशासन बंदी घालतं, त्याला कारण आहे. आम्ही गावकऱ्यांना विचारून, सरपंचांना दिवस आणि वेळ सांगून, त्यांच्या शिवारातल्या एका तुकड्यावर उतरतो, आणि गावाने नको म्हटलं की परत फिरतो. दोनदा फिरलोय.

ओढा मास्तरांनी शोधला, तोही मे महिन्यात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोरडा ओढा सगळं दाखवतो. सह्याद्रीचा कातळ थरांचा, लाव्ह्याचा एक थर कठीण, त्याच्या खालचा ठिसूळ, मधे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी खालचा ठिसूळ थर कोरत जातं आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. पावसाळ्यात वरून बघाल तर साधा चार मीटरचा धबधबा दिसेल. मे महिन्यात आम्ही त्याच्या खाली जाऊन उभे राहिलो तर छज्जाखाली माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी होती. पडणारं पाणी त्या पोकळीत शिरणार आणि आतल्या आत फिरणार, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आणून समजतं.

आमच्याबरोबर त्या दिवशी गावातले एक बाबा होते. सत्तरीच्या पुढचे, वल्गणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे, मासे धरण्यात हयात गेलेली. ते पोकळीत आले नाहीत. वरूनच म्हणाले, "ह्यो कोंड देत न्हाई माघारी. आमचं वासरू गेलं हुतं एकदा. तीन दीस आतच फिरत व्हतं. तिसऱ्या दिशी दिलं."

त्या जागेला आम्ही कोंडच म्हणतो आणि ती कधीच उतरायची नाही असं तेव्हाच ठरलं. तिच्या आधी बोटी खांद्यावर घ्यायच्या, उजव्या काठाने करवंदीच्या जाळीतून चालायचं. कोंडाच्या पुढे तीनशे मीटरवर एक बंधारा आहे, तोही नाही. बंधारा पाहून लोकांना वाटतं, एवढासा तर आहे, पाणी सरळ रेषेत शांतपणे पडतंय. ते सरळ पडणंच वाईट. नैसर्गिक धबधब्याला कुठेतरी फट असते, एखाद्या बाजूने पाणी निसटतं, त्याबरोबर माणूसही निसटतो. बंधाऱ्याच्या खाली या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं उलटं पाणी, बाहेर पडायला वाट नाही. कृपा करून पावसाळ्यात बंधाऱ्याखाली पोहू नका.

उतरायच्या जागा तीन. पायरी, घसरगुंडी आणि खुर्ची. खुर्चीनंतर पंचवीस मीटर संथ पाणी आणि मग कोंड. सगळा हिशेब त्या पंचवीस मीटरचा.

पाणी किती आहे हे आम्ही साकवाच्या खांबावर बघतो. दगडी खांब आहे, त्याचे थर मोजता येतात. पहिला थर बुडाला की पाणी पुरेसं, दुसरा बुडाला की चांगलं, तिसरा ओला झाला की बोट गाडीवरून काढायचीच नाही. नाशिककरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पूर आला की आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? धरणातून किती क्युसेक सोडलं हे वर्तमानपत्रात येतं, पण डोळ्यांसमोर उभा राहतो तो नदीपात्रातला मारुती, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत. गोदेच्या पुरात हजारो क्युसेकची गोष्ट असते. दुसऱ्या थरावर आमच्या ओढ्यात, आमच्या अंदाजाने, दीडशे क्युसेक असतील. ऐकायला काहीच नाही. पण दीडशे क्युसेक म्हणजे सेकंदाला चार टनांच्या वर पाणी, आणि ते सगळं तीन मीटर रुंदीच्या फटीतून.

त्या रविवारी दुसरा थर बुडालेला होता, तिसरा कोरडा.

साडेसात वाजले होते. आवण्या उरकलेल्या, भात पोपटी, नागलीचे तुकडे वर डोंगराला चिकटलेले. धुकं साकवावरून सरकत होतं. बाबा आले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात खेकड्यांची टोपली. काही बोलले नाहीत. पाण्यात हात घालून बघितला आणि खुर्चीच्या वरच्या कातळावर जाऊन बसले.

पायरी चौघांनी नीट उतरली. घसरगुंडीबद्दल मात्र मला सांगितलंच पाहिजे, कारण त्यासाठीच तर हे सगळं. सहा मीटर लांबीचा तिरपा, गुळगुळीत कातळ, त्यावरून पाण्याचा पातळ पडदा. वर ओसरीत बसलात की खालचं काही दिसत नाही, फक्त पाण्याची एक कड दिसते आणि तिच्या पलीकडे झाडांचे शेंडे. ओसरीतून निघताना बोटीचं नाक प्रवाहाने असं वळवलं जातं की कुणीतरी हात धरून नेतंय. मग कड येते, आणि बुडाखाली कातळाचा आवाज. पोकळ प्लास्टिकवर खडक घासल्याचा घुमणारा आवाज पोटात शिरतो. दोन श्वासांत खाली. तोंडावर थंड पाणी, ओठांवर मातीची चव, आणि बोट आपोआप डोहाच्या मधोमध जाऊन थांबते. मी मागे वळून पाहिलं तर मास्तर उतरत होते, एरवी वर्गात आवाज न चढवणारे, आणि तोंड उघडं टाकून ओरडत होते. त्या क्षणी त्यांचं वय बारा होतं.

खुर्चीला माझी पाळी काठावरची. आळीपाळीने एकजण दोर धरतो, त्या दिवशी मी. फोरमन दहा मीटर खाली दुसरी पिशवी घेऊन, म्हणजे माझी फेक चुकली तर त्याची. मास्तर खुर्ची उतरून खालच्या ओसरीत बोटीत बसलेले, शेवटचा आधार म्हणून. वर बारकी.

खुर्ची तीन मीटरची. पाणी डाव्या अर्ध्यात सपाट खडकावर आपटतं आणि उजव्या अर्ध्यात खोल पडतं. उजवीकडूनच जायचं, आणि कडेवर पोचताच शेवटचं वल्हं असं ओढायचं की बोटीचं नाक खाली न पडता बोट आडवी, बुडावर आपटेल. नाक खाली गेलं तर बोट पाण्यात शिरते, आणि धबधब्याच्या पायथ्याचं उलटं पाणी तिला परत आत ओढतं.

मी वल्हं उभं धरलं, म्हणजे ये. बारकीने मान हलवली. एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती तिला विचारली नाही. आदल्या रात्री तिची ड्युटी लांबली होती, झोप जेमतेम दोन तास. पिकअपमध्ये ती सगळा रस्ता माझ्या खांद्यावर झोपली होती. खुर्चीच्या वर उभं राहून "बारके, चालत ये का?" एवढं विचारायला मला दहा सेकंद लागले असते, आणि ती कदाचित हो म्हणाली असती.

तिचं शेवटचं वल्हं फुकट गेलं. पातं फेसात पडलं, फेसात धरायला पाणीच नसतं. नाक खाली गेलं. बोट दिसेनाशी झाली, मग उलटी वर आली, धबधब्याला आडवी. तिने सुलटं व्हायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळी लाल हेल्मेट अर्धं वर येऊन परत गेलं. मग बोट एकदम हलकी झाल्यासारखी उसळली, म्हणजे ती बाहेर पडली होती. बोट प्रवाहाला लागून खाली गेली. बारकी गेली नाही. ती उलट्या पाण्यात होती.

मी "दोरी!" ओरडले आणि फेकली. ओरडणं नियमाचं आहे, माणसाने वर बघावं म्हणून. पिशवी माझ्या हातातून अगदी जशी सुटायला हवी तशी सुटली, दोर पाण्यावर सरळ पिवळा पसरला, आणि बारकी तिथे नव्हती. मी लाल हेल्मेटवर नेम धरला होता. पिशवी पोचेपर्यंत पाण्याने तिला परत धबधब्याखाली नेलं होतं. गंगापूरच्या फुगवट्यावर कॅन एका जागी तरंगतो. तीस तीस फेकी करून मी जिथे वस्तू आहे तिथे फेकायला शिकले होते. ती जिथे येणार आहे तिथे फेकायचं असतं, हे मला तोंडपाठ होतं, माझ्या हाताला माहीत नव्हतं.

रिकामी पिशवी भरत बसायला वेळ नसतो. ओला दोर ओढून घेतला, डाव्या हातात वेटोळी घातली, किती घातली आठवत नाही. दुकानात मी हे दिवसातून पन्नास वेळा करते. वार मोजायचा, वेटोळं, वार मोजायचा, वेटोळं. माझे हात घाबरलेले नव्हते, बाकी सगळी मी घाबरले होते. मग पहिल्यांदा मी हेल्मेटकडे न बघता पाण्याकडे बघितलं. फेस एका चक्रात फिरत होता. धबधब्याखाली जात होता, तळातून पुढे येत होता, माझ्या बाजूच्या तिसऱ्या खडकापाशी वर फुटत होता आणि परत आत. ती तिथे वर येणार. मी तिथे फेकली.

हेल्मेट वर आलं आणि दोर तिच्या खांद्यावर पडला.

तिने धरला. दोन्ही हातांनी, छातीशी, मनगटाला न गुंडाळता, आणि पाठीवर वळून दोर खांद्यावरून घेतला, शिकवलं होतं तसं. तोंड आकाशाकडे. त्या पाण्यातही तिला ते आठवलं. मग ओझं आलं. मी बसलेच होते, दोर कमरेमागून घेतलेला, उजवी टाच एका छोट्या रांजणखळग्यात. सकाळी ती जागा मीच निवडली होती, टाच रोवून बघितली होती. तरीही मी ओल्या कातळावरून वीतभर पुढे सरकले. मागून फोरमनने माझ्या जॅकेटचा पट्टा पकडला. तो धावत कधी वर आला मला कळलं नाही. दोर कातळाच्या कडेवरून करकरत होता. प्रवाह तिला ओढत होता आणि दोर तिला काठाकडे आणत होता, दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरत येतं तशी ती गोल फिरून आमच्या काठाला लागली. मास्तरांनी ओसरीतून उडी मारून तिची कॉलर धरली.

किती वेळ गेला? मास्तर म्हणतात दीड मिनिट, फोरमन म्हणतो एका मिनिटाच्या आत. बारकी म्हणते, तीनदा आत गेले, तिसऱ्यांदा तळाला पाय लागला.

ती खोकली, पाणी ओकली, मग स्वतःचीच नाडी बघत बसली, ओठ हलवत मोजत. मी तिचे हात चोळत होते. तिच्या हातांपेक्षा माझे गार होते. "तायडे," ती म्हणाली, "दुसरी बरोबर टाकलीस." पहिलीबद्दल ती आजपर्यंत काही बोललेली नाही.

तिची बोट कोंडात गेली होती. वरून दिसत होती, निळी, पोटावर, छज्जाखाली जायची, बाहेर यायची, पुन्हा जायची. आम्ही बघत राहिलो. तिच्यात बारकी असती तर, हे कुणी बोललं नाही, आणि प्रत्येकजण तेच बघत होता.

फोरमन दोर बांधून बोट काढायची जुळवाजुळव करत होता तेवढ्यात बाबा उठले आणि वरच्या अंगाला बोट दाखवलं. पाण्यावर पानं येत होती. हिरवी, ताजी तुटलेली, आणि काटक्या. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. डोंगरावर होता. पाच मिनिटांत पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि ओढ्याचा आवाज जाड झाला. मी तीन शिट्ट्या वाजवल्या आणि आम्ही बोट तशीच सोडून वर चढलो. साकवावर आलो तेव्हा अर्धा तास झाला असेल. तिसरा थर दिसत नव्हता.

बाबांच्या घरी चुलीपुढे बसलो. आजींनी बारकीला घोंगडी दिली, गुळाचा कोरा चहा दिला, आणि नागलीची भाकरी समोर ठेवून ती संपेपर्यंत हलल्या नाहीत.

पाच वाजता मी दुकानात पोचले. ओले केस, कातळाने सोललेला कोपर. गर्दी तशीच होती. अण्णांनी एकदा बघितलं, आणि न बोलता गल्ल्यावरून उठून मला जागा दिली. रात्री साडेनऊपर्यंत मी कासरे मोजले. शटर ओढल्यावर फेकपिशवीतला दोर बाहेर काढून पंख्याखाली पसरला, कारण ओला ठेवला तर कुबट होतो. अण्णा खुर्चीत बसून तो बोटांतून सरकवू लागले, वार वार करत, डोळे मिटून. सात-आठ मीटरवर त्यांची बोटं थांबली. तिथे दोराला लव आली होती. कडेवर घासलेली जागा.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"बारकी."

त्यांनी उरलेला दोरही शेवटपर्यंत तपासला. मग कात्री घेतली, त्या जागी दोर कापला आणि दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरून बोटाने दाबली. "हा जिवाला नको आता," म्हणाले. तुकडे ताडपत्री बांधायच्या दोरांत टाकले आणि गोदामातून नवीन रिळ काढलं. वीस मीटर मोजताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॅनवर फेकू नका. वाहत्या पाण्यात फेका." मी त्यांना पहिल्या फेकीचं काहीच सांगितलं नव्हतं. बारकीने संध्याकाळीच फोन केला होता.

आता आम्ही फेकायला कुंडलिकेवर जातो. आळीपाळीने एकजण खरंच पाण्यात वाहत येतो. आणि प्रत्येक उतारावर, वरचा माणूस निघायच्या आधी, काठावरचा त्याला विचारतो: चालत येतोस का? दर वेळी, प्रत्येकाला, अगदी पायरीलासुद्धा.

बुधवारी मास्तरांचा फोन आला. कोंडाने बोट दिली होती, तिसऱ्या दिवशी. बाबांनी ती बांबूच्या आकडीने काठाला ओढून आंब्याला बांधून ठेवली होती. "कशाने बांधली माहितीय?" मास्तर म्हणाले. "बैलाचा जुना कासरा सोडून."

मी फोन ठेवला आणि अण्णांना सांगितलं. दुकान भरलेलं होतं, पोळा दोन दिवसांवर. त्यांनी समोरच्या गिऱ्हाईकाला "जरा थांबा, दादा" म्हटलं, माळ्यावर चढले, आणि सुताचे दोन कासरे, एक म्होरक्यांची जोडी, लाल-पिवळे गोंडे घेऊन खाली आले. कासरा उजेडात धरून पीळ बघितला, तो ठेवला, दुसरा घेतला. मग मला विचारलं, "त्यांच्या बैलांची शिंगं कशी आहेत? उभी की पसरट?"

मला माहीत नव्हतं. मी मास्तरांना परत फोन लावला.